रायफलीचा जड घोडा

घोड्याखालची स्प्रिंग माझ्या चिमटीतून सुटली आणि थेट मायच्या सुपात जाऊन पडली. माय अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी ओसरीवर गोणपाट पसरून घराण्याची एकुलती एक बंदूक उघडून बसलो होतो. मायनं सूप हलवलं, कोंडा आणि खडे एका कडेला आले, आणि तिनं ते सवयीनं कोंबड्यांपुढं फेकले. मी हातवारे करून ओरडेपर्यंत कोंबड्या तुटून पडल्या होत्या. उरलेली दुपार मी अंगणात उकिडवा बसून एकेकीच्या चोचीकडे पाहत काढली. शेवटी स्प्रिंग तुळशीच्या ओट्याच्या फटीत सापडली, पण तोवर काकाजींनी पानठेल्यावर सांगून टाकलं होतं की आमच्या पोट्ट्यानं बंदुकीचं अंडं उबवाले कोंबडी बसवली आहे.

हा किस्सा मी आमच्या घरच्या लग्नांत, बारशांत, एकदा तर तेरवीच्या जेवणातही सांगितला आहे. लोक हसतात, वाढणारा हातातलं पातेलं घेऊन थांबतो, आणि मी अंड्यापाशी गोष्ट संपवतो. पुढची गोष्ट मी कधी सांगत नाही. आता केस पांढरे झाले, सांगण्यासारखं फार काही उरलं नाही, म्हणून ती लिहून ठेवतो.

मी तेव्हा भंडाऱ्याला आय.टी.आय.त फिटरच्या पहिल्या वर्षाला होतो. रोज मोहाडीहून एस.टी.नं जायचं, दिवसभर लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासायचा, सरांनी काटकोनाचा गुण्या लावून तो पाहायचा आणि 'अजून घास' म्हणायचं, एवढंच माझं शिक्षण झालं होतं. पण गावाला ते ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी मी मशीनचा माणूस होतो. लोक सायकलीचे हब, पंपाचे वॉशर, एकदा तर एका म्हाताऱ्याचा कवळीचा तुकडा घेऊन माझ्याकडे आले होते. मी कोणालाच नाही म्हणत नसे. नाही म्हणायला माणसाला काहीतरी येत असावं लागतं.

रायफल आजोबांच्या काळची, बावीस बोअरची, एका वेळी एक काडतूस घालून बोल्ट सारायचा आणि मारायची. परवाना पिकाच्या राखणीचा. धान निसवायला लागलं की रानडुकरं बांध्यांत, धानाच्या वाफ्यांत, शिरायची, आणि बाबा बांधावर उभे राहून हवेत एक बार काढायचे. त्या एवढ्याशा गोळीनं डुक्कर मरत नाही, फार तर त्याचा अपमान होतो. निवडणूक लागली की रायफल ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. ती घरात नसली की माय जरा मोकळी वाटायची, गाणं गुणगुणायची. पण हे मला आज सुचतं आहे, तेव्हा नाही. एरवी ती मधल्या खोलीत उंच खुंट्यांवर आडवी असायची आणि तिच्याखाली आम्ही जेवायचो. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वर जवसाचं तेल. आमच्या घराला जवसाच्या तेलाचाच वास होता. भाजीत तेच, वड्याला तेच, बैलगाडीच्या लाकडाला तेच, आणि दसऱ्याला शस्त्रांची पूजा व्हायची तेव्हा विळा, कुऱ्हाड, पावशी, नांगराचा फाळ आणि ही रायफल, सगळ्यांना मायच्या हातचं तेच तेल आणि कुंकू. रायफलीला तर ती जरा जास्तच न्हाऊ घालायची. मी फिटर झाल्यावर एकदा शहाणपणानं म्हणालो, "माय, बंदुकीले जवसाचं तेल नाही घालत. तिचं तेल वेगळं असते." माय म्हणाली, "तुह्या कारखान्यात नसंन घालत."

जेवताना काकाजी गोष्टी सांगायचे. काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ वसंता. त्यांच्या डाव्या पायाची बोटं नव्हती, टाच टेकत चालायचे. बांधावर राखणीला असताना डुकरानं पाय चावला, ही ती गोष्ट. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा ते डुक्कर वासराएवढं होतं, आय.टी.आय.ला लागलो तोवर रेड्याएवढं झालं होतं. गोष्ट सांगण्याची माझी खोड त्यांचीच आहे. गोष्ट रंगात आली की बाबा ताटातून उठून हात धुवायला जायचे. आम्हाला वाटायचं, शंभरदा ऐकलेली गोष्ट, माणूस कंटाळणारच.

रायफल उघडण्याचं कारण शीलाताई. माझ्याहून मोठी, भंडाऱ्याच्या कॉलेजात, एन.सी.सी.त. तिथं तिच्या हातात पहिल्यांदा बंदूक दिली आणि तिनं निशाणा असा लावला की शिकवणाऱ्या हवालदारांनी तिला पुन्हा पालथं झोपवून गोळी मारायला लावली, तुक्का आहे का बघायला. तुक्का नव्हता. दसऱ्यानंतर जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती. संघात आली तर पुढं राज्याच्या स्पर्धा, आणि त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत तिची बाजू भक्कम. नाही आली तर तुळशीच्या लग्नानंतर कोंढ्याचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. बाबांनी हा सौदा तिच्याशी ओसरीवर सगळ्यांसमोर केला होता. म्हणाले, "निवड झाली तं मी कोंढ्याले नाही म्हणून सांगतो. नाही झाली तं तू हो म्हणशील." ताई "बरं" म्हणाली. ती फार बोलायची नाही, बाबांवर गेली होती.

कॉलेजात रायफल एक आणि पोरी पुष्कळ. म्हणून बाबांना सोबत घेऊन ती तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाशी, आमच्या रायफलीवर सराव करायची. पाळीच्या मातीत बिडीच्या कट्ट्याचा कागद काट्यानं टोचायचा आणि मारायचं. गोळ्या कागदाच्या उजवीकडे पसरायच्या. एक दिवस तिनं मला बोलावून माझं बोट घोड्यावर ठेवलं, रिकाम्या रायफलीच्या. "दाब," म्हणाली. दाबलं. काहीच झालं नाही. अजून दाबलं, तर आत कुठंतरी खरखर झाली, वाळूत रुतलेलं चाक सरकावं तशी. मग एकदम सुटला, तोवर माझं आख्खं मनगट वळलं होतं.

"पायलं?" ताई म्हणाली. "त्याले ओढता ओढता नळीच हालून जाते. बैल परवडला. तू फिटर आहेस ना?"

या प्रश्नाला नाही म्हणता आलं नाही, आणि त्यातून ती कोंबड्यांची दुपार उद्भवली.

आत जे दिसलं ते मला कुठल्या पुस्तकात दाखवलं नव्हतं. घोडा आणि त्याच्या वरची ती खाच, जिच्यावर ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा भार अडकून राहतो, ती पूर्ण तांबूस, काचेसारख्या घट्ट थरानं लिंपलेली होती. लाखेची बांगडी आत वितळून बसावी तसं. नखानं निघेना. त्या थरात अक्षतांचे दाणे रुतलेले होते, झेंडूच्या पाकळीचा एक तुकडा होता. वर्षानुवर्षांचे दसरे एकावर एक बसले होते. मी हसत सुटलो, मायला दाखवलं, "पाय, तुह्या पूजेनं बंदुकीले बेडी घातली." ती सूप घेऊन आत गेली. मी ते सगळं रॉकेलमध्ये भिजत घातलं, खरवडलं, दाढीच्या जुन्या ब्रशनं घासलं. खाली लोखंड लख्ख निघालं. खाच थोडी गोलसर दिसली, कड झिजल्यासारखी, पण आमच्या ठोकळ्याच्या कडाही गोलसरच होत्या, आणि सर त्यालाही 'अजून घास' एवढंच म्हणायचे. सगळं जोडलं. घोडा दाबला. पिकल्या सीताफळाला बोट लावावं आणि ते उकलावं, इतकाच जोर.

मी घरात सांगितलं की आतले भाग आरशासारखे पॉलिश केले. पॉलिश कसलं, रॉकेलनं धुतलं होतं. पण पाळीखाली ताईनं त्या दिवशी मारलेल्या गोळ्या एका कट्ट्याच्या कागदात, आणि त्यातल्याही बहुतेक कट्ट्यावरच्या बाईच्या चेहऱ्यात बसल्या. मग बाबांनी रायफल हातात घेतली, जी ते कधी सरावाला घेत नसत. एक गोळी मारली. घोड्यावरचं बोट उचलून त्याकडे बघत म्हणाले, "हं. होती तशी झाली." मी ते प्रशस्तीपत्र समजलो. घरी येताना ताई पुढं चालत होती आणि मागं वळून मला म्हणाली, "फिटर, भरतीत लागले तं तुले शहरातून पँट आणीन." मी मनात रंगही निवडून ठेवला होता.

दसऱ्याला मायनं पाट मांडला. सगळी अवजारं ओळीनं, मध्ये रायफल. जवसाच्या तेलाची वाटी तिच्या हातात होती, पण ताई म्हणाली, "माय, या वर्षी नको टाकू आत. निवड आहे." माय थांबली. बोटावरचं तेल तिनं फक्त लाकडाला लावलं. कुंकू नळीवर. आरती झाली. बाबांनी रायफल उचलली, बोल्ट उघडून रिकामी असल्याचं पाहिलं, बोल्ट सारला, आणि तिला झेंडूची माळ बांधायला दस्ता जमिनीवर टेकवला. जरा जोरात टेकला असेल, सणाचा जोर. आतून आवाज आला. टक.

घोड्याला कोणाचं बोट लागलं नव्हतं.

एवढाच आवाज, सुपारी फुटावी इतका. पण माझं लक्ष गेलं ते काकाजींकडे. ते खाटेवर पाय सोडून बसले होते, आणि त्यांनी डावा पाय झटकन वर ओढून मांडीखाली घेतला होता. मायनं आरतीचं ताट अगदी सावकाश, दिवा हलू न देता, खाली ठेवलं. बाबांच्या हातात माळ तशीच राहिली. मग माय आपट्याची पानं घेऊन उठली, आणि सोनं द्यायला दरवर्षी आधी बाबांपुढं वाकायची ती त्या वर्षी आधी काकाजींपुढं वाकली. वडे तळले होते, सगळ्यांनी खाल्ले. वडा चावण्याचासुद्धा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी बांध्यांकडे जाताना काकाजींना मी विचारलं नव्हतं, तेच बोलले. "डुक्कर नव्हतं गा."

मी पावलं त्यांच्या चालीशी जुळवली.

"तुह्या बापाचा निशाणा तवा मोठा होता. मोहाडीच्या बाजारात लोक नाव घेत. त्याले घोडा हलका पायजे होता, तं यानं कानस घेऊन आतली खाच घासली. चांगली हलकी झाली. मंग खळ्यावर मी गाडीवर पाय सोडून बसलो होतो, हा खाली उभा, हातात भरलेली बंदूक, नळी माह्या पायाखाली. दस्ता असा टेकवला." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "पोलिसाले काय सांगाचं? परवाना जाते, तुहा बाप आत जाते. मीच म्हणलो, डुक्कर सांगू. तुही माय तवा नवी होती घरात. तिनंच लुगडं फाडून पाय बांधला."

"मग बंदूक विकली काहून नाही?"

"बापाची आहे म्हणे. तिनं लय सांगून पायलं. मंग सांगणं सोडलं अन् तेल चालू केलं. जवसाचं तेल वाळलं का गोंद होते, तुले नाही माहीत? गाडीच्या लाकडाले कायले लावतो आपण?" ते हसले. "पंधरा-वीस दसरे लागले तिले तो घोडा जड कराले, लेका. अन् तू एका दुपारी धुतला."

इथं थांबून मला सांगावंसं वाटतं की मी त्या क्षणी काही मोठं ठरवलं, पण मी फक्त त्यांच्या पायाच्या ठशाकडे पाहत चाललो. ओल्या बांधावर तो ठसा अर्धाच उमटायचा.

घरी आलो तर ताईलाही कळलेलं होतं. ती मधल्या खोलीत रिकामी रायफल घेऊन बसली होती, बोल्ट सारायची आणि दस्ता पाटावर आपटायची. कधी घोडा धरायचा, कधी टक. काही नियम नव्हता त्याला. बाबा दारात उभे होते. "मैदानावर सगळे मांग असते," ते म्हणाले, "समोर फक्त कागद. काय होत नाही. नेऊ." आतून काकाजी म्हणाले, "खळ्यावरही समोर कोणी नव्हतं, दादा. वर माहा पाय लोंबत होता." त्यांनी बाबांना असं काही म्हटलेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं. बाबा निघून गेले.

नागपूरला परवान्याचा बंदूक दुरुस्तीवाला होता, पण नवा भाग करायला आठवडे लागतील म्हणाला. मी मायजवळ गेलो. म्हटलं, घट्ट तेल घालून उन्हात ठेवू, धरेल. चुलीपुढं बसून ती भाकरी थापत होती. "ते एका उन्हाचं काम नाही," म्हणाली. एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताईला ती काहीच म्हणाली नाही, नेऊ नको असंही नाही. फक्त निवडीच्या दिवशी पहाटे तिच्या डब्यात दसऱ्याचे उरलेले अनारसे घातले आणि दारात उभी राहिली, एस.टी. गेली तरी.

मैदान भंडाऱ्याला नदीच्या अंगाला. बाबा, ताई आणि मी. मी का गेलो होतो ते सांगता येत नाही. खराब झालं तर दुरुस्त करीन अशा आविर्भावात पेचकस खिशात होता. एका टेबलाशी साहेब प्रत्येकाची बंदूक तपासत होते. बोल्ट उघडून बघायचे, सारायचे, दस्ता एका लाकडी फळीवर आपटायचे आणि घोडा धरतो का पाहायचे. आमची पाळी आली. त्यांनी आपटली. घोड्यानं धरलं. बाबांचा सुटलेला श्वास मला मागून ऐकू आला. साहेबांनी चिठ्ठीवर खूण केली आणि रायफल ताईपुढं सरकवली.

ताईनं ती उचलली नाही. म्हणाली, "सर, अजून एक बार आपटा."

"धरला ना, बेटा."

"हो. अजून एक बार."

त्यांनी आपटली. टक. साहेबांनी रायफलीकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि चिठ्ठीवरची खूण खोडली. वाईट तोंड केलं नाही त्यांनी. म्हणाले, दुसऱ्या कोणाची घेऊन मार, चालेल. कॉलेजची रायफल मैत्रिणीच्या हातातून तिच्या हातात आली. तिच्या नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी वाकडी होती आणि तो घोडा ताईच्या बोटाच्या ओळखीचा नव्हता. ती मारत असताना मी तिच्या पाठीकडे पाहत होतो. ती एकदाही डळमळली नाही, आणि तरी कागद जवळ आणला तेव्हा गोळ्या पसरलेल्या सगळ्यांना दिसल्या. यादीत तिचं नाव शेवटच्या नावाच्या खाली आलं असतं, खाली नावं लिहायची पद्धत असती तर.

परतीच्या एस.टी.त बाबा रायफलीची पिशवी गुडघ्यांत धरून बसले होते, नळी टपाकडे. मोहाडी जवळ आल्यावर, खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "एकदा धरला होता त्यानं."

ताई म्हणाली, "खळ्यावर पण पहिल्यांदा धरलाच असंन, बाबा."

बाबांनी मान हलवली. खूप वेळ हलवत राहिले, गाडीच्या धक्क्यांनी की त्यांच्या मनानं, मला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ते एकटेच नागपूरला जाऊन नवा भाग टाकायला देऊन आले. तुळशीच्या लग्नानंतर कोंढ्याचे पाहुणे आले, ताईनं दिलेला शब्द पाळला. पाहुण्यांत कोणीतरी काकाजींच्या पायाचं विचारलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघू लागलो. काकाजी म्हणाले, "डुक्कर," आणि त्या दिवशी ते डुक्कर पुन्हा वासराएवढं झालं होतं. बाबा जेवणावरून उठले नाहीत. शेवटपर्यंत बसून ऐकलं.

ताई कोंढ्यालाच आहे. तिचं बरं चाललं आहे, आणि 'बरं' या शब्दात मावतं तेवढंच मला ठाऊक आहे. फोनवर ती मला अजून फिटर म्हणते. पँट मी कधी मागितली नाही.

आता बाबा नाहीत, माय नाही, काकाजीही गेले. परवाना माझ्या नावावर आहे, रायफल त्याच खुंट्यांवर. एक गोष्ट मात्र मला छळते. नवा भाग टाकलेला, मी दर वर्षी घोडा बाहेरून चांगल्या तेलानं पुसतो, तरी तो वर्षागणिक जड होत चालला आहे. आत खरखर लागते. उघडून पाहायचं म्हणतो, पण कोंबड्या आठवतात.

हे सगळं लिहून झाल्यावर मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मायच्याच सुपात, मायजवळ ती नवी सून म्हणून आली आणि तिच्या हाताखाली बरीच वर्षं राहिली. अंड्याशी ती हसली, ताईच्या जागी तिचा हात थांबला. संपल्यावर मीच म्हटलं, एवढा नवा भाग, मग जड कसा होतो, काही कळत नाही.

आमच्या घरात कित्येक वर्षांपासून सोयाबीनचंच तेल खातात. मंदानं सूप झटकलं, खडे बाजूला काढले आणि म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले जाऊन राहिले ना? मंग येताना जवसाचं तेल आणजा. दसरा आला."